पित्ताशयाचं ऑपरेशन अवघड जाणार, हे आधी ओळखता येतं का?

कातरवेळ

जाणकारांची मदत हवी आहे. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह जुना. पित्ताशयात खडे आहेत हे कधीपासून माहीत होतं, पण "गॅस झालाय" म्हणत त्यांनी विषय टाळला. मध्यंतरी सडकून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं सुरू झालं, म्हणून दाखल करावं लागलं. सलाइन, अँटिबायोटिक्स, बरे होऊन घरी. आता दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरतंय.

सर्जननी नवी सोनोग्राफी पाहिली आणि म्हणाले, "हे सरळसोट केस नाही. दुर्बिणीने सुरू करू, पण ओपन करावं लागू शकतं, कदाचित पित्ताशय पूर्ण निघणारही नाही. तशी संमती आधीच घेऊन ठेवतो."

घरात दोन तट पडलेत. काकांचं म्हणणं, आपल्या ओळखीतले सगळे दुसऱ्या दिवशी चालत घरी आले, हा माणूस घाबरवतोय, डॉक्टर बदला. मला उलट वाटतंय की आधी सांगतोय म्हणजे बरा आहे. पण नुसत्या वाटण्यावर निर्णय कसा घ्यायचा?

रिपोर्टमधलं जसं समजलं तसं: पित्ताशय आकसलेलं, भिंत ६ मिमी जाड, मानेशी १४ मिमीचा खडा अडकलेला, कूस बदलली तरी हलत नाही. आजूबाजूला पाणी नाही. मुख्य पित्तनलिका ५ मिमी. यावरून "अवघड" हा अंदाज बांधतात तरी कसा?

इंचभर

माझ्या माहितीप्रमाणे हे हल्ली अगदी किरकोळ ऑपरेशन आहे. चार भोकं, तासाभराचं काम. काकांशी सहमत.

टाका_दोरा

सर्जन आहे. तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल शेवटचा शब्द त्यांच्याच डॉक्टरांचा. एकूण विषयावर लिहितो.

इंचभर, बहुतेक वेळा तासाभराचं काम असतं हे खरं आहे. गडबड तिथेच होते. जे ऑपरेशन बहुतेकांचं सोपं जातं, त्यात ज्याचं सोपं जाणार नाही तो माणूस आधी वेगळा काढणं हीच खरी कसोटी. आणि त्याची चिन्हं बऱ्याचदा फाईलमध्ये पडलेली असतात.

पहिलं चिन्ह सोनोग्राफीतलं नव्हेच, ते आहे पूर्वेतिहास. पित्ताशयाला सूज येऊन कधी दाखल व्हावं लागलं का? २००९ साली रंधावा आणि पुजहारी यांनी ऑपरेशनआधी अंदाज बांधायची १५ गुणांची एक पद्धत मांडली. त्यात या एका प्रश्नाला ४ गुण आहेत. बाकी कशालाही २ पेक्षा जास्त नाहीत. पन्नाशी ओलांडलेली असेल तर १, पुरुष असेल तर १, वजन जास्त असेल तर १ किंवा २, पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण बेंबीखाली असेल तर १ आणि बेंबीच्या वर असेल तर २, पित्ताशय हाताला लागत असेल तर १, भिंत ४ मिमी किंवा जास्त असेल तर २, भोवती पाणी असेल तर १, खडा अडकलेला असेल तर १. पाचपर्यंत सोपं, ६ ते १० अवघड, त्यापुढे फार अवघड.

दाखल होण्याला एवढं वजन का? सूज येऊन गेली की शरीर तिथे जखम भरल्यासारखं काम करतं. आतड्याला चिकटलेला चरबीचा पडदा, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), कधी मोठं आतडं असं सगळं पित्ताशयाला येऊन चिकटतं. रुग्णाला बरं वाटतं, ताप जातो, आणि आत मात्र थर एकमेकांत मुरत जातात. "आता दुखत नाही" याचा अर्थ "आत मोकळं आहे" असा होत नाही.

पुरुषांमध्ये अवघड का जातं यावर एकमत नाही. उशिरा येतात, हे एक कारण सांगितलं जातं. धाग्यातल्या "गॅस झालाय" वरून पटावं.

रेघोटी

कातरवेळ, मी बेरीज केली. वय १, पुरुष १, दाखल ४, भिंत २, खडा १. झाले ९. वजन आणि व्रण तुम्ही लिहिलेलंच नाही. म्हणजे सर्जननी हवेत बाण मारलेला नाही.

टाका_दोरा

बेरीज बरोबर. मात्र या तक्त्यात दोन गोष्टी नाहीत ज्या मला स्वतःला जास्त खटकतात. एक म्हणजे आकसलेलं पित्ताशय. पकडायला धड काही हाती लागत नाही, चिमटा घसरतो, आणि पित्ताशय यकृतात रुतलेलं असतं. दुसरी मधुमेह. या रुग्णांना कधी कधी दुखणं कमी जाणवतं आणि भिंत आतून कुजायला लागलेली असते. बाहेरून माणूस बरा दिसतो, रक्तात पांढऱ्या पेशी मात्र चढलेल्या.

गुणांच्या पद्धती अजूनही आहेत. काही ऑपरेशनआधीच्या, काही दुर्बीण आत घातल्यावर काय दिसलं त्यावरून ठरवायच्या. पार्कलंडची पाच पायऱ्यांची श्रेणी त्यातली. पहिल्या पायरीला पित्ताशय निळसर, मऊ, सुटं. पाचव्याला फुटलेलं, कुजलेलं किंवा चिकटून दिसेनासं झालेलं. अंदाज बांधायला सगळ्याच उपयोगी. पण ९ गुणांचं ऑपरेशन सहज सुटतं आणि ३ गुणांचं घाम फोडतं, हेही प्रत्येक सर्जनने पाहिलेलं असतं.

खवचट_खार

समजलं. म्हणजे आधीच "अवघड आहे" सांगून ठेवायचं, नंतर ओपन केलं की "सांगितलं होतं ना" म्हणायचं. जमलं नाही असं मात्र कोणी म्हणायचं नाही. :-)

टाका_दोरा

खारूताई, तिरकस आहे पण प्रश्न रास्त आहे. त्यासाठी आत नेमकं काय धोक्याचं असतं ते सांगावं लागेल. जरा लांबण लागेल.

पित्ताशय यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेलं असतं. त्याची मान निमुळती होत एक छोटी नळी बनते, ती यकृताकडून खाली येणाऱ्या मोठ्या नलिकेला मिळते. ही मोठी नलिका आयुष्यभर लागणार आहे. छोटी नळी आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी, एवढ्या दोनच गोष्टी कापायच्या असतात. त्या जिथे असतात त्या तिकोनी जागेला कालोचा त्रिकोण म्हणतात. झाँ-फ्रान्स्वा कालो या फ्रेंच सर्जनने १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं. सगळं ऑपरेशन या बोटभर जागेत घडतं किंवा बिघडतं.

१९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग यांनी एक नियम घालून दिला. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत. त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटून मागचा पृष्ठभाग दिसतोय, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन, फक्त दोनच गोष्टी उरल्यात. हे समोरून आणि मागून, दोन्हीकडून पाहायचं. दिसलं तर कापा.

आता आकसलेलं पित्ताशय घ्या. तंतूंनी ओढून त्याची मान मोठ्या नलिकेवर आणून बसवलेली असते. छोटी नळी जवळजवळ नाहीशीच झालेली. अशा वेळी पडद्यावर खालून येणारी जी नळी पित्ताशयात शिरताना "दिसते", ती प्रत्यक्षात मोठी नलिका असू शकते. सर्जनला ती छोटीच वाटते, मनात शंकासुद्धा येत नाही. २००३ मध्ये अशा २५२ इजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९७ टक्के इजांच्या मुळाशी हा दृष्टिभ्रम निघाला. हात चुकणं किंवा ज्ञान कमी पडणं हे फार थोड्यांत.

म्हणून जो सर्जन मध्येच थांबतो आणि म्हणतो "मला इथे काय आहे ते खात्रीने कळत नाही, मी बेत बदलतो", त्याला जमलं नाही असं मी म्हणणार नाही. हजारात साधारण ३ ते ५ जणांची मोठी नलिका दुखावते. आकडा छोटा आहे, पण ज्याचा नंबर लागतो त्याच्या मागे मोठी दुरुस्ती, स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी), वारंवार ताप आणि कावीळ असं शुक्लकाष्ठ लागतं.

जुनी_पानं

अवांतर, पण इथे शोभेल. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन एप्रिल १९५३ मध्ये लंडनला झालं आणि त्यात पित्तनलिका दुखावली. दुर्बिणीचा जमाना नव्हता, पोट उघडूनच केलेलं ऑपरेशन! लंडनमध्ये दुसरं ऑपरेशन झालं, मग बोस्टनला जाऊन डॉ. कॅटेल यांच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी लागली. १९५५ मध्ये ते पंतप्रधान झाले, आणि १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाच्या दिवसांतही त्यांना थंडी वाजून ताप येत होता. एका नळीचा इतिहासाशी संबंध किती असावा यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

पहिलं पित्ताशय काढलं कार्ल लांगेनबुख यांनी, बर्लिन, १८८२. दुर्बिणीतून पहिलं एरिश म्यूहे यांनी, तेही जर्मनीतच, १९८५. त्यांच्याच देशातल्या सर्जननी आधी त्यांना वेड्यात काढलं होतं.

खवचट_खार

@टाका_दोरा, शब्द मागे. पण मग थांबून बदलायचं म्हणजे ओपनच ना?

टाका_दोरा

पूर्वी तेवढाच मार्ग समजला जायचा. ओपनमध्ये हाताला स्पर्श कळतो, रक्तस्राव आवरणं सोपं जातं. पण घट्ट चिकटलेला त्रिकोण पोट उघडल्याने सुटा होत नाही. शिवाय हल्लीच्या तरुण सर्जननी ओपन पित्ताशयं मोजकीच केलेली असतात, हेही कुणीतरी बोलायला हवं.

आज जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे अर्धवट पित्ताशय काढणं, सबटोटल. पित्ताशय धोक्याच्या जागेच्या अलीकडेच उघडायचं, खडे वेचून काढायचे, जितकी भिंत सुटी होते तितकी काढायची आणि त्रिकोणाला हातच लावायचा नाही. मानेचा तुकडा मागे राहतो. काही जण तो शिवून बंद करतात, काही उघडा ठेवून आतून नळीचं तोंड शिवतात. उघड्या प्रकारात सुरुवातीला पित्त गळायची शक्यता जास्त, बंद प्रकारात उरलेल्या कप्प्यात पुन्हा खडे व्हायची. दोन्ही त्रास निस्तरता येतात. कापलेली मोठी नलिका निस्तरणं त्या मानाने फार जड.

याशिवाय शेंड्याकडून खाली सोडवत येणं, टेबलावरच नलिकेत डाय सोडून एक्स-रे घेणं, हिरवा चमकणारा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने नलिका पाहणं हेही आहे. अगदीच बेत फसला तर पित्त बाहेर काढायची नळी ठेवून बाहेर येणं आणि रुग्णाला जास्त अनुभवी केंद्राकडे पाठवणं. हे शेवटचं सर्वांत कमी वेळा होतं. खरं तर जास्त वेळा व्हायला हवं.

पानगळ

वाचनखूण साठवली. सुंदर चर्चा.

छायाप्रकाश

रेडिओलॉजीत आहे. सोनोग्राफीच्या बाजूने थोडी भर घालते.

आधी उपाशीपोटीची गोष्ट. खाल्ल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि निरोगी भिंतही जाड दिसते. म्हणून ६ ते ८ तास पोट रिकामं ठेवायला सांगतात. चहा पिऊन आलेल्या रुग्णाचा "आकसलेलं, जाड भिंत" असा रिपोर्ट वाचून घाबरू नका, पुन्हा करून घ्या. कातरवेळ, वडील उपाशी होते ना?

भिंत ३ मिमीपर्यंत ठीक. पण जाड भिंत दिसली म्हणजे चिकटलेलंच असेल असं नाही. यकृताचा आजार, हृदय कमजोर असणं, रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होणं, डेंगू, या सगळ्यांत भिंत फुगते आणि पित्ताशयाचा मूळ दोष काहीच नसतो. म्हणून आकडा एकटा वाचू नये. जाड भिंत आणि प्रोबने दाबल्यावर नेमकं तिथेच दुखणं, जाड भिंत आणि न हलणारा खडा, जाड भिंत आणि आकसलेला आकार, अशा जोड्या वाचायच्या. कधी आत पित्त शिल्लकच नसतं. भिंत, खड्याची चमक आणि मागे गडद सावली एवढंच दिसतं. असा रिपोर्ट सर्जनला फोन करून सांगावासा वाटतो.

कुशीवर वळवून पाहणं फार महत्त्वाचं. खडा गडगडत गेला तर सुटा. मानेशी तसाच बसला तर अडकलेला. अडकलेल्या खड्याबरोबर कावीळ किंवा रक्तात वाढलेलं बिलिरुबिन (काविळीत चढणारं पिवळं द्रव्य) असेल तर खडा बाहेरून मोठ्या नलिकेला दाबतोय का ते पाहावं लागतं. त्याला मिरिझी सिंड्रोम म्हणतात. अर्जेंटिनाच्या पाब्लो मिरिझींनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. काही रुग्णांत खडा नलिकेत भोक पाडून बसलेला असतो. हे टेबलावर गेल्यावर कळण्यापेक्षा आधी एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये) कळलेलं केव्हाही चांगलं. सोनोग्राफीला मोठ्या नलिकेचं खालचं टोक नीट दिसत नाही, पोटातला वायू आड येतो.

आणखी दोन गोष्टी नजरेतून सुटू नयेत. आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायचा उपचार) वगैरे काही झालेलं नसताना पित्तनलिकांमध्ये हवा दिसली तर पित्ताशय आणि आतडं यांच्यात वाट पडलेली असू शकते. आणि भिंत सगळीकडे सारखी जाड नसून एकाच ठिकाणी वेडीवाकडी जाड असेल तर कर्करोगाची शंका मनात धरून आधी सीटी किंवा एमआरआय करायचा. तिथे अर्धवट काढून चालत नाही, उलट पित्ताशय फुटलं तर आजार पसरायची भीती. बहुतेकांत शेवटी जुनी सूजच निघते, पण तपासून निघालेली बरी.

कातरवेळ

होय, रात्रीपासून उपाशी होते. बिलिरुबिन नॉर्मल आहे. एमआरसीपीबद्दल विचारते.

माईंची_सून

सासूबाईंना तीव्र सूज होती, हृदयाचा त्रास असल्याने भूल देणं धोक्याचं वाटलं. म्हणून त्वचेतून पित्ताशयात नळी घालून पू आणि पित्त बाहेर काढलं. दोन-तीन दिवसांत माणसात आल्या. पिशवी कमरेला अडकवून घरी, रोज मोजून वहीत लिहायचं. रंग हिरवट-सोनेरी आला की मला हायसं वाटायचं. नंतर ऑपरेशन झालं तेव्हा बराच वेळ लागला, सबटोटलच झालं. सर्जननी बाहेर येऊन कागदावर आकृती काढून दाखवली, काय ठेवलं आणि का ठेवलं. ती आकृती अजून फाईलला लावलेली आहे.

प्रश्न असा की नळी घातल्यामुळे पुढचं ऑपरेशन अवघड झालं का?

टाका_दोरा

नळी घातलेली असणं हे अवघड ऑपरेशनचं एक चिन्ह नक्कीच. पण नळी त्यांनाच घालतात ज्यांची सूज जबर असते, त्यामुळे दोष नळीला किती आणि मूळ आजाराला किती हे सुटं करता येत नाही. नेदरलँड्समध्ये झालेली एक चाचणी २०१८ मध्ये आली, चॉकलेट नावाची. (संशोधकांना नावं ठेवायची भारी हौस.) तीव्र सूज असलेल्या, जोखीम जास्त असलेल्या रुग्णांत सरळ दुर्बिणीतून काढणं आणि नळी घालणं यांची तुलना केली. मोठ्या गुंतागुंती ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, नळीवाल्यांत ६५. अतिगंभीर रुग्ण त्यात नव्हते, हे लक्षात ठेवून वाचा. भूल झेपणारच नसेल तर नळी जीव वाचवते. झेपत असेल तर नळीच्या मोहात पडू नये.

रेघोटी

मग "सूज उतरू द्या, सहा आठवड्यांनी या" असं सांगतात ते काय? नात्यात तसंच केलं, मधल्या काळात पुन्हा दाखल व्हावं लागलं.

टाका_दोरा

जुनी पद्धत. तीव्र सुजेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशींमध्ये पाणी भरलेलं असतं, थर फुगलेले पण सुटे होणारे. नंतर तिथे तंतू बनतात. ओलं सिमेंट उलथन्याने निघतं, वाळलेल्याला छिन्नी लागते. म्हणून आज शक्य असेल तर त्याच मुक्कामात, लक्षणं सुरू झाल्यापासून लवकर काढावं याकडे कल आहे. २०१३ च्या एका जर्मन चाचणीत दाखल झाल्यापासून २४ तासांत काढलेल्यांना, थांबून नंतर काढलेल्यांपेक्षा कमी त्रास झाला. ७२ तासांची लक्ष्मणरेषा पूर्वी पाळायचे. पित्ताशयाच्या सुजेवरच्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ च्या आवृत्तीत ती सैल झाली, रुग्ण झेपवू शकतो का आणि हात अनुभवी आहे का याला महत्त्व आलं. तरी त्यांच्याच श्रेणीनुसार ७२ तासांवर गेलेला त्रास, १८,००० च्या वर पांढऱ्या पेशी, हाताला लागणारा दुखरा गोळा यांतलं काहीही असलं की आजार "मध्यम" गटात जातो. अवघड जाण्याची घंटाच ती.

एकदा ती वेळ हुकली की मग घाई नको. दहाव्या-पंधराव्या दिवशी चिघळलेल्या जागेत शिरणं सर्वांत वाईट, असं माझं मत. तिथे थोडं थांबणं परवडतं.

ईआरसीपीने नलिकेतला खडा काढला असेल तर उलट, पुढे महिना-दीड महिना ढकलू नये. लवकर काढलेलं सोपं जातं.

इंचभर

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता बहुतेक. :-) खडे आहेत पण काहीच त्रास नाही, अशांनीही मग अवघड व्हायच्या आत काढून टाकावं का?

टाका_दोरा

नाही. त्रास नसलेल्या बहुतेक खड्यांना हात लावत नाहीत, बरीच माणसं ते घेऊन आयुष्य काढतात. अपवाद आहेत: मोठा पॉलिप (आतल्या भिंतीवरची गाठ), भिंतीत चुना साठणं, फार मोठा खडा. पण एकदा खरं दुखणं येऊन गेलं की मात्र टोलवाटोलवी करू नये. खड्याचं दुखणं ओळखायचं कसं? जेवणानंतर किंवा रात्री, वरच्या पोटात मध्यभागी किंवा उजवीकडे, अर्धा तास ते काही तास टिकणारं, पाठीत उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारं. ढेकर दिल्याने ते जात नाही.

रात्रपाळी

सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. ऑपरेशनआधीचं सगळं बोलून झालं, नंतरचं कोणी बोललं नाही.

सोप्या ऑपरेशननंतर माणूस दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा बरा असतो. हे एक मापदंड म्हणून धरा. खांदा दुखतो, कारण पोटात भरलेल्या वायूने छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला ताण पडतो. दोन-तीन दिवसांत जातं. भोकांपाशी दुखणं, थोडी मळमळ, हे चालायचंच. पण दुखणं उतरायचं सोडून चढायला लागलं, पोट फुगून ताठ झालं, उलट्या थांबेनात, नाडी शांत पडूनही शंभराच्या वर, ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका, यातलं काहीही दिसलं की वाट पाहायची नाही. फोनवर "गोळी द्या" सांगितलं तरी नेऊन दाखवा. पित्त गळत असेल तर ते बऱ्याचदा पहिल्या आठवड्यात, घरी गेल्यावर कळतं. पित्त पोटात पसरलं की सुरुवातीला फार दुखतंच असं नाही. माणूस नुसता मलूल पडतो, खात नाही, "बरं वाटत नाही" म्हणतो. म्हाताऱ्या आणि मधुमेही रुग्णांत तर एवढंच दिसतं.

ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) ठेवला असेल तर त्यातला रंग पाहायला शिका. तांबूस पाणी ठीक, हिरवं-पिवळं असेल तर लगेच सांगा. आणि ड्रेन कोरडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नळी गुठळीने बंदही होते.

छोट्या नळीच्या टोकातून गळत असेल तर ईआरसीपी करून स्टेंट ठेवला की बहुतेकांचं भागतं. मोठ्या नलिकेला इजा असेल तर मात्र अशा दुरुस्त्या नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जायचं. पहिली दुरुस्ती नीट झाली तर पुढचं बरंच टळतं.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना धागा वाचायला दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि "ईडनचं खरं आहे का?" एवढंच विचारलं.

परवा सर्जनकडे जातोय. त्यांच्याशी काय बोलू? सल्ल्यावर शंका घेतल्यासारखं वाटायला नको.

टाका_दोरा

शंका वाटत नाही, उलट बरं वाटतं. सरळ विचारा: त्रिकोण सुटा झाला नाही तर तुम्ही काय करता? उत्तरात सबटोटल, टेबलावरचा एक्स-रे, दुसऱ्या वरिष्ठाला बोलावणं, थांबणं यातलं काही आलं तर तो माणूस विचार करून बसलेला आहे. "माझ्याकडे असं होतच नाही" असं उत्तर आलं तर मी स्वतःच्या वडिलांना तिथे नेणार नाही. गरज पडली तर ईआरसीपीची सोय तिथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल, तेही विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नावासकट सांगा, स्वतःहून बंद करू नका. पोटाची जुनी ऑपरेशनं, अगदी पंचवीस वर्षांपूर्वीची असली तरी, सांगा. मधुमेह ताब्यात आणून घ्या. मागच्या वेळी दाखल होते तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आणि तेव्हाची सोनोग्राफी न्या. आताच्या रिपोर्टपेक्षा कधी कधी तीच जास्त बोलते.

काकांना सांगा, खरं आहे.

माईंची_सून

आणखी एक. ऑपरेशन झाल्यावर डिस्चार्ज कार्डावर "सबटोटल" हा शब्द स्पष्ट लिहून घ्या. सासूबाईंना नंतर वेगळ्याच कारणाने सोनोग्राफी करावी लागली, तिथे "पित्ताशय दिसतंय, आत काहीतरी आहे" असं निघालं. कार्ड दाखवल्यावर उलगडा झाला.

छायाप्रकाश

+१. हे आमच्याकडे नेहमी घडतं. "पित्ताशय काढलेलं आहे" म्हणून सांगतात आणि पडद्यावर छोटी पिशवी दिसते. उरलेल्या कप्प्यात खडे झाले तर पुन्हा तसंच दुखू शकतं, आणि "पित्ताशय तर काढलंय" म्हणून महिनोन्महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू राहतात.

आणि काढलेलं पित्ताशय बायोप्सीला गेलं का, हे विचारा. खडे डबीत भरून देतात, ते सगळ्यांना दाखवले जातात, पण भिंतीचा रिपोर्ट आणायला कोणी जात नाही. जाड भिंतीच्या रुग्णात तो रिपोर्ट हातात पडेपर्यंत प्रकरण संपलेलं नसतं. टाके दाखवायला जाल तेव्हाच मागून घ्या.